ओळींच्या मधली जागा

बकरीचं कातडं तीन दिवस पाण्यात,
मग चौकटीवर ताणायचं,
मग खरवडायचं, आतून, बाहेरून,
बोटांना वास राहतो आठवडाभर.
मेरिगेता वोल्दे-यारेद म्हणायचे,
वास जाईपर्यंत बोरूला हात लावू नकोस.

सोळाव्या वर्षी पहिलं पान उतरवलं.
काळी शाई काजळीची, तांबडी फक्त पवित्र नावांना.
दोन शब्दांमध्ये दोन ठिपके,
म्हणजे एक शब्द दुसऱ्यावर रेलणार नाही.

मग अदिसहून त्सिगेरेदाबाई आल्या,
दोर धरून, कडा चढून.
धाप लागली होती तरी आधी हात धुतले.
आमच्या मठाची पोथी आणि खालच्या गावची पोथी
शेजारी शेजारी ठेवून
नऊ दिवस फरक मोजले.
चारशे बारा.

त्या रात्री मला घास गेला नाही.

मेरिगेतांचे डोळे तोवर गेलेले. म्हणाले, वाच.
मी वाचलं: इथे ‘आणि’ नाही. इथे ‘आणि’ दोनदा.
इथे एका नावाचं अक्षर बदललंय.
इथे अख्खी ओळ गेली, कारण
दोन ओळी एकाच शब्दाने संपत होत्या
आणि लिहिणाऱ्याची नजर उडी मारून गेली.
“डुलकी,” म्हातारा हसला. “उपासाचे दिवस असणार.”
मग विचारलं,
कुठल्या पोथीत तो क्रुसावरून उतरून घरी गेला?
कुठल्या पोथीत पेत्राने
कोंबडा आरवण्याआधी छाती ठोकून सांगितलं,
हो, मी त्याचाच?
कुठल्या पोथीत पहाटे कबरीपाशी
बायकांऐवजी चार वजनदार पुरुष पोचले?
खोटंच रचायचं तर
आपल्याच म्होरक्याची फजिती कोण जपतं,
तीही शेळ्यांचे कळप खर्ची घालून?

पटलं. अर्धं.
नक्कल चोख, म्हणून घडलेलंही चोख,
असं थोडंच असतं?

कीदानूचं मी बोलायला नको होतं. बोललो.
भाऊ लढाईत पडला तेव्हा तिघे आले होते घरी,
वेगवेगळ्या महिन्यांत.
एक म्हणाला सकाळ होती.
दुसरा म्हणाला, ऊन डोक्यावर.
तिसऱ्याला वेळ आठवत नव्हती, बूट आठवत होते,
उजव्याला नाडीऐवजी तार.
आईने त्याला दूध दिलं आणि मगच रडली.
ती तार तिनेच ओवली होती.
नंतर कधीतरी म्हणाली,
तिघांचं शब्दाला शब्द जुळलं असतं
तर मी दार लावून घेतलं असतं.

मेरिगेता मान हलवत होते,
म्हणून मला राग आला.
म्हणालो, मेल्याची खबर तिघांनी आणली.
पण तो तळ्याकाठी मासे भाजताना दिसला,
हाक मारली त्याने, नावाने,
असं सांगत कुणी आलं नाही.
आमच्या कीदानूबद्दल.

खाली दरीत कुणीतरी गाढव हाकत होतं.

“म्हणून तर ती बातमी,” ते म्हणाले.
“रोज घडतं ते कोण लिहून ठेवतं?”
थोड्या वेळाने, “आणि ते त्याच्या एकट्यापुरतं नाही,
असंही लिहिलंय. मीही वाटच बघतोय.
माझी लेक गेली तेव्हा चार वर्षांची होती.”
हे मला ठाऊक नव्हतं.

मग चौकटीवरचं कातडं चाचपत राहिले,
गोमाशीने पाडलेल्या भोकापाशी बोट थांबलं.
“शब्दाला कातडं लागतं, पोरा.
देवालाही लागलं.
आणि कातडं घेतलं की भोकं आलीच.
त्याने नाही म्हटलं नाही.”

आता मी त्यांच्या जागी बसतो.
भोक आलं की शब्द वळसा घालून नेतो.
परवा तपासताना दिसलं, एक शब्द सुटलाय माझ्याकडून,
नेमक्या त्याच पानावर.
आम्ही खोडत नाही.
ओळींच्या मधल्या जागेत बारीक लिहितो,
चूक कुणाची ते दिसेल असं.

‘उठला.’

जागा तोकडी होती.
मावला.