पहिला बुधवार

चार नंबरची खिडकी माझी.
ऑगस्ट सरताना रांग दारापर्यंत जाते,
सुपिरिअर सरोवरावरून वारा सुटलेला असतो,
आणि कुणीतरी एकजण दार धरून उभं असतं
मागचे दहाजण आत येईपर्यंत.
त्यावरूनच ओळखते मी.
केस तर आता त्यांनीही वाढवलेले असतात.

सिग्ने हाल्व्हरसन. वय सत्तावीस.
सहा वर्षं हेलिकॉप्टरांत इंधन भरलं,
आता माशांचा अभ्यास करायचाय.
कागद सगळे प्लास्टिकच्या पिशवीत, तारीखवार.
"मॅडम नको म्हणूस," मी म्हटलं, "मी आर्डिथ."
"हो, मॅडम."

घरभाड्याचा भत्ता ऑक्टोबरशिवाय येत नाही,
हे सांगणं माझं काम.
सांगताना मी पेनचं टोपण उघडते, लावते.
"चालेल," ती म्हणाली, "गाडीत झोपेन."
चालेल म्हणणाऱ्यांची मला धास्ती वाटते.
तातडीच्या मदतीचा अर्ज काढला
आणि वरचा अर्धा मीच भरून टाकला,
तिला नाही म्हणायला जागा उरू नये म्हणून.

पाओ व्हांगनं तिला कॅम्पस दाखवला.
तो मरीन होता, आता तिसऱ्या वर्षाला.
इमारतींची नावं त्यानं सांगितलीच नाहीत.
म्हणाला, ग्रंथालय, तिसरा मजला, जिन्यालगतची खुर्ची:
पाठीला भिंत, समोर दार.
तिथं आधीच कुणी बसलेलं दिसलं
तर तो आपल्यातलाच.

सगळं सांगितलं आम्ही तिला.
गाडी कुठं लावायची, सूप कुठलं घ्यायचं नाही,
लघवीला जायला परवानगी मागायची नसते इथे.
एक राहिलं.

सप्टेंबरचा पहिला बुधवार, दुपारी एक.
शहराचा भोंगा तपासतात, वादळासाठीचा,
दर महिन्याला, आजन्म ऐकत आलोय आम्ही.
रसायनशास्त्राच्या वर्गात
अठरा वर्षांच्या पोरांनी फोनवरून मानही वर केली नाही.
सिग्ने टेबलाखाली होती.
आणि शेजारचा मुलगाही,
कॉलर धरून खेचलेला.
कुणीतरी हसलं.
मग कुणीच हसलं नाही,
ते जास्त वाईट.

पावणेदोनला ती माझ्या खिडकीशी.
"नाव काढून घ्यायचा फॉर्म द्या."
उजवीकडच्या खणात दोनशे होते.
"संपलेत," मी म्हटलं.
एकतीस वर्षांच्या नोकरीतलं
हे माझं पहिलं खोटं, निदान या खिडकीतलं.
"छापून येतील. बस तोवर."

ती बसली. पाठीला भिंत होती.
पाओ आला, काही न बोलता शेजारी बसला.
मग तो मुलगा आला, तिची बॅग घेऊन,
शर्टाचं वरचं बटण तुटलेलं.
ते अजून तिच्या मुठीत होतं.
"तुम्ही आधी मला ओढलंत," तो म्हणाला,
आणि पुढे काय म्हणायचं ते न सुचून
बॅगेचा पट्टा सरळ करत राहिला.

माझा भाऊ लायल याच विद्यापीठात शिकला,
एकोणीस दिवस.
सन एकाहत्तर. मी नऊ वर्षांची.
काय झालं ते घरात कुणी विचारलं नाही,
आईनं फक्त त्याची वही भांड्यांच्या फळीवर ठेवली.
परवा हिशेब केला:
एकोणीस दिवसांत एक बुधवार नक्की येतो.
तो पहिलाच असेल असं नाही.
असेलही.

आता नव्यांना जो कागद देते
त्यावर खाली, हातानं, निळ्या शाईत लिहिते:
पहिला बुधवार, दुपारी एक.
भोंगा वाजेल. काही झालेलं नसतं.
टाइप करून घ्या, साहेब म्हणतात.
मी हातानंच लिहिते.

ऑक्टोबर. एकला पाच कमी.
सिग्ने खिडकीशी आली. काम काही नव्हतं.
सफरचंद खात उभी राहिली.
भोंगा सुरू झाला.
चावणं थांबलं.
मी तिच्याकडे पाहिलं नाही, शिक्के जुळवत बसले.
भोंगा खाली उतरत गेला, थांबला.
मग कुरकुर आवाज आला सफरचंदाचा.

"पुढचा," मी म्हटलं, रांगेकडे बघून.