साडेसहाशे वॅट

यादी मी बाबांच्या वायंडिंगच्या वहीत केली,
मागच्या बाजूने, वही उलटी धरून.
पुढून त्यांचं: पाच एचपी, सबमर्सिबल, एकवीस गेज,
वेढे अठ्ठेचाळीस, गिऱ्हाईक तुर्भे, पैसे बाकी.
मागून माझं: प्रोसेसर, मदरबोर्ड, सोळाची रॅम,
आणि सगळ्यांच्या वर, दोनदा अधोरेखित,
ग्राफिक्स कार्ड.

बजेट बासष्ट हजार.
ऐरोलीतल्या नाइट शिफ्टचे अकरा महिने,
कुणाकुणाच्या हरवलेल्या बॅगांबद्दल
फोनवर माफी मागून साठवलेले.
कॅबिनेटला काच हवी की नको
यात माझा एक अख्खा रविवार गेला.
आई म्हणाली, लग्नाची खरेदी अशी करतात.
मग थांबून म्हणाली, लग्नाचीही नाही करत.

रॅम निम्मी केली तर कार्ड एक पायरी वर.
पंखे दोनच घेतले तर...
नको, घणसोलीचा मे महिना.
खोडून खोडून कागद पातळ झाला
आणि पलीकडच्या पानावरचा
कुठल्याशा पंपाचा हिशोब दिसायला लागला.

वाशीला सतरा सेक्टरात, जिन्याखाली, फुरियाचं दुकान.
बाबा आले ते उगाच,
गुडघ्याच्या गोळ्या घ्यायच्या होत्या म्हणून.
स्टुलावर बसले, पिशवी मांडीवर.
फुरिया म्हणाला, पॉवर सप्लाय हा घ्या ना,
याच्यावरही साडेसहाशेच लिहिलंय,
वाचलेले दोन हजार कार्डात टाका.
मला नेमकं तेच ऐकायचं होतं.

बाबा उठले.
एका हातात स्वस्तातला, एका हातात महागाचा,
डोळे मिटून उभे.
दुधीसुद्धा ते असाच घेतात.
म्हणाले, हा पोकळ आहे.
काका, वॅट छापलेत की वर.
छापायला शाई लागते, बाबा म्हणाले,
द्यायला तांबं लागतं.

रबाळ्यात एकवीस वर्षं
जळालेल्या मोटारी उघडल्या या माणसाने.
वासावरून सांगायचे, व्होल्टेज पडलं की बेअरिंग गेलं.
शेड पाडून तिथे आता डेटा सेंटर आहे, बिनखिडक्यांचं.
मी जो गेम खेळणार
त्याची दुसरी बाजू बहुधा तिथेच कुठेतरी चालते.
हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

कार्ड एक पायरी खाली आलं.
रिक्षात कोपरखैरणे येईपर्यंत मी बोलले नाही.
माझ्या मांडीवर सगळी खोकी,
त्यांच्या मांडीवर तो एकच डबा.

रात्री दिवाणावर प्लाय टाकून जोडायला घेतलं.
प्रोसेसरची खिट्टी दाबताना असा करकरला
की आई स्वयंपाकघरातून आली.
त्यावर वाटाण्याएवढी पेस्ट.
हे मलम कशाला? तापतो म्हणून.
मग बरोबर, म्हणाले.
वायरींचा गुंता त्यांनी मागितला,
आणि मोटारीच्या वेढ्यांना बांधतात
ती पांढरी सुती फीत आणून
एकेक जुडी बांधत गेले,
गाठ आत, शेपूट कापलेलं.
मला काळे टाय हवे होते. काचेतून दिसणार होतं ना.

बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळी.
रॅम काढली, घातली. पुन्हा काढली.
दीड वाजला, मला रडू यायला लागलं.
बाबांनी वाकून नाक लावलं.
वास नाही, म्हणाले, म्हणजे जळलेलं काही नाही. शोध.
आणि पाणी प्यायला गेले.

मॉनिटरची वायर मी चुकीच्या भोकात लावली होती.

आता डोंगर दिसतो, नदी, पलीकडे किल्ला.
त्या खालच्या पायरीमुळे गवत जरा कमी हलतं.
मी हाक मारली, बाबा, बघा.
ते आले, कॅबिनेटच्या मागे गेले,
आणि जिथून गरम हवा बाहेर येते
तिथे तळवा धरून उभे राहिले,
बराच वेळ.
स्क्रीनकडे त्यांनी पाहिलंच नाही.