पितळी तोटी

इंजिन वर नेलं होतं फक्त पंप दाखवायला.
तापोळ्याहून घाट चढून, बाजारपेठ ओलांडून,
वेण्णा तलावाच्या अंगाला
दस्तगीर मिस्त्रीच्या शेडबाहेर
दोन ओंडक्यांवर बसवलं.
संध्याकाळी ड्रमातलं पाणी पाजून चालवून बघितलं.
"ठणठणीत," मिस्त्री म्हणाला, हात पुसले,
आणि निघताना:
"पोरी, तोटी सोड गं. पोटात पाणी ठेवू नको. रात्र वाईट आहे."

मी हो म्हणाले.
फोनवर दादांनी विचारलं. त्यांनाही हो म्हणाले.

सकाळी गवत पांढरं.
पुण्याचं एक कुटुंब जीपच्या टपावरचा थर
चमच्यानं खरवडून पोरांच्या तळहातावर देत होतं.
इंजिनाच्या कुशीला, खालून वर,
चीर. वीतभर.
केस चिकटलाय असं वाटून
मी नखानं काढायला गेले.

दुसऱ्या दिवशी पेपरात: वेण्णाकाठी दवबिंदू गोठले.
दादांनी कात्रण कापून पाकिटात ठेवलं,
भेटेल त्याला दाखवू लागले.
थंडीविरुद्ध एवढा छापील पुरावा असताना
माझ्याकडे कोण बघणार.

"बिडाचं आहे," मिस्त्री म्हणाला, "वेल्डिंग धरणार नाही.
धरलं तर एक हंगाम, आणि सोडलं तर मधल्या पाण्यात."
नवं इंजिन एक लाख बासष्ट हजार, टॅक्स वेगळा.
आमच्याकडे बचत गटाचे वीस,
आत्याचे सहा, कशाला म्हणून तिनं विचारलंही नाही,
आणि पलीकडच्या शाळेच्या गुरुजींनी
वर्षभराचं भाडं आगाऊ दिलं, सुट्ट्या वजा करून.

मग कुणीतरी कासेगावचं बंद गुऱ्हाळ सांगितलं.
तातोबानं गोणपाट ओढून काढलं.
खाली हिरवं इंजिन, एका सिलिंडरचं, गुडघ्याएवढं चाक.
चौदा हंगाम ऊस गाळलेला.
"लाँचीला लावणार?" त्यानं हँडल मारलं,
तिसऱ्या झटक्याला ते खोकून बोलू लागलं.
"याला पाणी ठाऊक नाही बरं का. याला फक्त रस."
अठ्ठावीसवरून तेवीसवर आला,
वर एक गुळाची ढेप दिली,
लेक सासरी धाडताना देतात तशी,
आणि टेम्पो वळेपर्यंत कट्ट्यावरून उठला नाही.

कऱ्हाड, सातारा, मेढा.
दुधाच्या रिकाम्या कॅनांमध्ये ते वाजत आलं.

जुन्या बोल्टांची भोकं चार बोटं चुकली.
जांभळीची फळी घातली, नवी भोकं पाडली.
कपलिंग मिस्त्रीनं भंगारातल्या ट्रॅक्टरमधून कापून आणलं,
तीन दिवस बोटीत पोटावर पडून बसवलं,
आणि मजुरीचे पैसे परत दादांच्या खिशात कोंबले.
"त्या रात्री तोटी मीच सोडून जायला हवी होती," म्हणाला.
"पोरीच्या भरवशावर टाकलं. तिचं काय वय."

मी तेव्हा तिथंच होते.
हातात तेरा नंबरचा पाना होता.
त्याचा आकडा वाचत राहिले.

आता पलीकडे जायला वीस मिनिटं जास्त लागतात.
गुरुजी तेवढ्यात वह्या तपासून टाकतात.
पहिले आठ दिवस इंजिनाला मुंग्या होत्या,
कासेगावच्या असतील, नाहीतर इथल्याच,
फळीवरून, बोल्टावरून रांगेनं
कोयनेचं पाणी पार करून जायच्या,
परत यायच्या.
गरम झालं की अजून काकवीचा वास येतो.
बायका म्हणतात, भूक लागते गं तुझ्या लाँचीत.

रोज संध्याकाळी दोर बांधला की मी तोटी सोडते.
शेवटचा थेंब पडेपर्यंत बोट खाली धरते.
वैशाखातसुद्धा. धक्का पायाला भाजतो तेव्हासुद्धा.

"आता गं कुठला बर्फ?" दादा हसतात.

कात्रण अजून पाकिटात आहे. घडीवर फाटलंय.