रस्ता जोडलेला नाही

रात्री साडेअकराला उद्यमनगरातली शेवटची भट्टी निवली
की मी लॅपटॉप उघडतो.
पंखा घरघरतो, मांडी भाजते,
आणि समोर येते कोरी, हिरवी,
कुणाच्याच सातबाऱ्यावर नसलेली जमीन.

हा पहिला अर्धा तास. याच्यासाठीच सगळं.
एक रस्ता ओढायचा, मग दुसरा,
दोन घरं उगवतात, तिसऱ्याच्या दारात सायकल.
हरकती-सूचना नाहीत.
टाकी मी म्हणेन तिथं उभी राहते
आणि पाणी लगेच, चोवीस तास.
पहिल्यांदा बघून एकटाच हसलो होतो.
बायको म्हणाली, काय झालं?
म्हटलं, पाणी आलं.
ती झोपेतच उठून घागर शोधायला लागली.

दिवसा मी नगररचना विभागात नकाशे काढतो. कंत्राटी.
अकरा महिन्यांची ऑर्डर, एक दिवस खंड, पुन्हा अकरा महिने.
निळी रेघ, लाल रेघ,
कुणाची चूल पंचगंगेच्या आत, कुणाची बाहेर,
ते माउस ठरवतो, मी नाही,
असं हिंदुराव सांकपाळांना काउंटरवरून सांगितलं.
म्हणाले, "मग त्या उंदराला बोलवा की भाईर."

वीस हजार वस्ती झाली की गेम बिघडतो.
बिघडतो म्हणजे काय, शहर होतो.
सगळ्या गाड्या एकाच लेनमध्ये,
शेजारची मोकळी, धुतल्यासारखी.
चौक मोडला, गोल केला, वरून पूल टाकला,
रांग उठून पुढच्या चौकात जाऊन बसली.
अग्निशमनची गाडी जळत्या घरासमोरून वळून जाते.
आणि दवाखान्यावर लुकलुकतं: रस्ता जोडलेला नाही.
जोडलाय की रे! हे काय, दिसतोय!
झूम केलं की सापडते
केसाएवढी फट.

वाकडी बोळ काढता येत नाही. प्रोग्राम ती सरळ करून देतो, न विचारता.
म्हशीला बटण नाही, म्हणून गंगावेशीत पहाटे
धार काढून ग्लास पुढं करणारं कुणी नाही.
तालमीऐवजी क्रीडासंकुल आहे, तीनशे गाड्यांच्या पार्किंगसकट.
दोन समोरासमोर ठेवून बघितली.
कुणी कुणाकडं मान वर करून पाहिलं नाही.

नदीकाठच्या एका माणसाला मी नाव दिलं: हिंदुराव.
रोज सकाळी तो कारखान्यात जायचा,
संध्याकाळी परत, मध्ये कुठं चहाला थांबायचा नाही.
डोक्यावर हिरवा हसरा चेहरा.

आपत्तींचा एक मेनू असतो.
वावटळ, उल्का, भूकंप, पूर.
आधी सेव्ह केलं. मग दाबलं.
पाणी आवाज न करता चढलं,
तो तशाच पाण्यातून कामावर गेला,
परत आला तेव्हा घरावर काळं चिन्ह.
चौकट उघडली: हिंदुराव शहर सोडून गेले.
घाईघाईनं मागची फाइल लावली.
नदी जागेवर, घर जागेवर, सायकलसुद्धा.
घरातल्या माणसाचं नाव मात्र वेगळंच, इंग्रजी.
चाळीस हजारांत शोधलं, पहाटे तीनपर्यंत.

आज ते परत आले, खरे.
अर्ज नव्हता. कोपरीच्या खिशातून सुतळी काढली,
एका जागी गाठ मारलेली.
"उंबऱ्यापासनं हितवर आलतं. भित्तीवरचा डाग पोरानं रंगवून टाकला,
म्हणून आधीच मापून ठेवलंवतं.
तुमच्या कागदावर ही गाठ कुठं हाय?"

स्क्रीनवर त्यांचं घर एक चौकोन होतं, लाल रेघेला चिकटलेलं.
झूम केलं. आणखी केलं.
ते गेले, सुतळी टेबलावरच.
स्केल लावली: गाठीपर्यंत एकशे बारा सेंटिमीटर.
नकाशावर सरळ ठेवायला गेलो
तर ती पुन्हापुन्हा गोल होत होती,
खिशात होती तशी.

उद्या माझा खंडाचा दिवस.
उद्या ती माझ्या टेबलावर नसेल,
म्हणून घरी आणलीय.