एकास बहात्तर

धावपट्टी झाली. पॉलिश पेपर, त्यावर राखाडीचे तीन हात,
चिखलीच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर.
सुलक्षा विचारते, आणि आम्ही जेवायचं कुठे?
मी म्हणतो, विमानतळ सध्या बंद आहे.

आता गाड्या.
डिसेंबर एकसष्ट. त्यानंतरचं काही चालणार नाही.
पुण्याहून मागवलेल्या पेटीतली जीप सुरेख,
पण स्टीअरिंग डाव्या हाताला,
आणि इथे पाखलेसुद्धा रस्त्याच्या डावीकडून जायचे;
म्हणून ब्लेडने कापून ते उजवीकडे बसवलं,
मसुराच्या दाण्याएवढं चाक,
दोनदा फरशीवर पडलं, एकदा केरात सापडलं.

लॉरीचं नाक फार चौकोनी, नंतरच्या काळातलं. बाद.
टँकर हवाच, पण त्याच्या पोटावर नाव कुणाचं?
टॅक्सी नुसती काळी, की वर पिवळा टप?
तीन म्हाताऱ्यांना विचारलं,
तीन रंग मिळाले, तिन्ही शपथेवर.

शाळेतून गावस सरांचा फोन:
एखादा रणगाडा ठेवा हो, मुलांना आवडतो.
मी म्हटलं, मुलांना डायनोसॉरही आवडतो, सर.

मग पास्कू आले, काठी टेकत.
त्या काळी विमानतळाच्या कॅन्टीनात कपबश्या धुणारा पोर,
आज ऐंशीच्या पुढचे.
चष्मा काढून, डोळा टेबलाच्या कडेला लावून
पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले,
तसेच परत आले.
"सगळं आसा," म्हणाले. "तुझ्या बापायचो रोलर खंय?"

बाबा रस्त्यांवर रोलर चालवायचे, एवढंच मला ठाऊक.
डांबराचा वास घेऊन घरी यायचे,
आणि तो वास आधी अंगणात उभा राहायचा.

"दिवसा बॉम्ब पडले," पास्कू सांगत होते,
"रात्री खड्डे बुजवले. माती, खडी, मिळेल ते,
आणि वरून शाबा पुढे-मागे, पुढे-मागे,
दिवा लावायचा नाही असा हुकूम.
उजाडायच्या आत विमान उडालं.
आत बायका होत्या. एक बाई तान्ह्याला घेऊन शिडी चढताना
तिची चप्पल पडली, ती मी ठेवली होती पुष्कळ दिवस."
आणि मग?
"मग काय! नवे साहेब आले, म्हणाले, खड्डे नीट बुजव.
तोच रोलर. तोच शाबा."

हे बाबा कधीच बोलले नाहीत.
दर एकोणीस डिसेंबरला झेंड्यापुढे
शेवटच्या रांगेत उभे राहायचे,
हात कुठे ठेवावेत ते न सुचल्यासारखे.
मला वाटायचं, कंबर दुखत असेल.

रोलर कुठल्याच पेटीत येत नाही.
युद्धाच्या पेटीत तर नाहीच.

मागची चाकं सुलक्षाच्या शिवणयंत्राच्या बॉबिनची,
पुढचा ढोल डोळ्यांच्या औषधाच्या टोपणाचा,
छप्पर टूथपेस्टच्या ट्यूबचं, कापून, उलटं करून.
रंग विचारायला फोन केला.
पास्कू म्हणाले, रात्र होती रे.

राहता राहिला ड्रायव्हर.
पेटीत सगळे शिपाई.
त्यातल्या एकाचं हेल्मेट कानशीने घासून डोकं काढलं,
बंदूक कापली;
बंदुकीवाचून हात तसेच पुढे आलेले राहिले,
लीव्हर धरायला नेमके.

फक्त तोंड कुठे करावं ते ठरेना,
विमानाकडे की फाटकाकडे.
दोन बोटांनी ढकलून पाहिला, पुढे, मागे.
बुजवलेल्या खड्ड्याचा रंग अजून ओला होता.

सुलक्षाने ताटं खालीच मांडली.
कालवणात आज मीठ जरा जास्त झालं होतं,
दोघंही काही बोललो नाही.