समोरचा काठ

बत्तीस वर्षं नाशिकरोडच्या छापखान्यात
मी चुका शोधल्या.
आकडा सरकलेला, कोपरा दुमडून कोरा राहिलेला,
दिसला की लाल खूण, बाजूला, पुढे भट्टी.
आता पेन्शन घेते, आणि रविवारी सराफ बाजारात
अंबादास दुसान्यांच्या दुकानात, मोडीच्या तराजूशेजारी
स्टुलावर बसून बघते,
त्याच चुकांसाठी लोक पैसे मोजतात.

दुसान्यांना मोतीबिंदू, म्हणून भिंग माझ्याकडे.
काम मुख्यतः नाही म्हणायचं.

हे रेल्वेच्या रुळावर ठेवलेलं.
हे ॲसिडमधलं, चोखलेल्या गोळीसारखं.
ही दोन व्हाइसमध्ये एकमेकांवर दाबलेली,
अक्षरं उलटी उमटली म्हणून
आणणाऱ्याला घाम फुटलेला.

आणि ही रेघ, सिंहाच्या मानेवरून:
नखाला वर लागली तर साचाच तडकलेला होता,
धातू भेगेत चढला, रेघ नाण्याबरोबरच जन्मली.
नख आत गेलं
तर ओरखडा. चालू द्या.

आज खंडू आला.
रामकुंडावर असतो, जुन्या स्पीकरमधला चुंबक
सुतळीला बांधून पाण्यात सोडतो.
चुंबकाला स्टीलच लागतं.
तांब्याचं, निकेलचं गाळातच राहतं,
ज्यांनी टाकलं त्यांच्या नवसासकट.

त्यानं मूठ उघडली. दोन बोटांचं दोन रुपयांचं नाणं,
एका बाजूनं घास घेतलेला, चंद्रकोरीएवढा.
"लाखाला जातं असलं. मोबाइलवर दाखवतात."

मी त्याला सांगितलं. खरा घास टाकसाळीतच पडतो,
पत्र्यातून चकत्या पाडताना
एखादी शेजारच्या भोकावर चढते तेव्हा.
मग काठ वळवताना त्या रिकाम्या जागी दाब बसत नाही,
आणि नेमका समोर, पलीकडे,
तिथलाही काठ जरा बसका राहतो.
इकडचं उणं तिकडे पोचलेलं असतं.

नाणं फिरवलं. समोरचा काठ ताठ,
शेजारी काय झालं ते गावीच नसल्यासारखा.
आणि घासावर कानशीच्या रेघा, पांढऱ्या, ताज्या.
नदीत पडून राहिलेलं स्टील असं चमकत नाही.
मी त्याच्या बोटांकडे बघितलं.
त्यानं बोटं मिटली.

त्याच्या डाव्या कानाची पाळी तुटलेली आहे,
एवढीशीच.
आणि मी, मेली सवय,
उजव्या कानाकडे बघितलं.

त्याला कळलं. मान वळवून दाखवलाच त्यानं
अख्खा कान, डूल घातलेला.
"मांजा," म्हणाला. "येवल्याला, संक्रांतीत."
मी भिंग पुसलं.
पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"मग याचे किती?"
"दोन रुपये."
"चहावालाही नाही घ्यायचा," दुसाने आतून बोलले.
खंडू थोडा वेळ उभा राहिला, मग हसला.
"नदी घेईल की."
आणि सरकारवाड्याच्या उतारानं
चप्पल फटफटवत गेला.

दुसान्यांनी शटर अर्धं ओढलं.
मी बसूनच.

एकदा, बत्तीस वर्षांत एकदाच, मी खूण केली नव्हती.
एप्रिलची दुपार, पंखा बंद पडलेला,
नोट दहाची.
खालच्या कोपऱ्यात शाई फिकी, तांदळाएवढी.
का जाऊ दिली, आठवत नाही.
दमले असेन.

ती घडी पडून, भिजून, कुणाच्या कनवटीला
वाळून मऊ झाली असेल आतापर्यंत,
सगळीकडूनच फिकी.
उद्या कुणी या टेबलावर आणून ठेवली
तर भिंग लावूनही
मला सांगता येणार नाही
त्यातलं आमचं किती.