काला खट्टा

पार्लरवाली नऊशे सांगत होती.
सरबताची पुडी पाच रुपयांना.
चार काला खट्टा आणल्या, एक ऑरेंज चुकून आली.
बिनसाखरेची हवी होती गं, प्रणोती म्हणाली,
पण आमच्या वाण्याकडे कुठली तसली.

वाटीत कंडिशनर, पिठल्याइतकं दाट.
जुना टूथब्रश, ब्रेडच्या पिशवीच्या टोप्या.
धुवायचं मात्र पहाटेच: कन्नमवार नगरात
पाणी साडेपाचला, तेही पाऊण तास.
तोवर गॅलरीत बसलो,
मानेवरून जांभळे ओघळ,
डोक्याला जिरंमिठाचा वास.

आई दुसऱ्या पाळीवरून आली. बारा वाजलेले.
आमच्याकडे बघून काहीच बोलली नाही.
म्हणजे कठीण होतं.
मग वाटी उचलून हुंगली, बोट चाटलं,
अंबाडा सोडला
आणि माझ्यासमोर पाठ करून बसली.

भांगाजवळ एवढे पांढरे?
एकाच आरशात बघतो आम्ही रोज.

"काळ्यावर चढत नाही म्हणे हा रंग," मी म्हटलं.
"माझ्यावर चढेल की," ती म्हणाली,
आणि तशीच, पिशवी बांधून, आडवी झाली.

पहाटे नळाला आधी हवा आली, मग पाणी.
आमचे केस जसेच्या तसे,
नुसती मोरी जांभळी.
तिची मात्र कानावरची एक बट
जांभळाच्या सालीसारखी.

डब्यात भाजी भरताना
ती बट दोनदा कानामागे गेली,
दोनदा पुढे आली.
तिसऱ्यांदा तिने राहू दिली.

उशीवर मुंग्या लागलेल्या.